पक्कडीचा चहा

आमच्या घरी गॅसच्या शेगडीला बटणं नसायची. म्हणजे होती, चांगली तीन होती, पण ती माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या पर्समध्ये असायची आणि जाऊबाई बाहेर गेल्या की त्यांच्याबरोबर गावभर फिरायची. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात सकाळची पाळी संपवून घरी परतले, चहाचं आधण ठेवायला गेले, तर बटणांच्या जागी तीन बारीक लोखंडी दांडे. म्हटलं, झालं. सासू नाही म्हणून सुटले असं वाटत होतं, इथे तर जाऊच सासूच्या वरताण निघाली. दुधाच्या कपाटाला कुलूप घालणाऱ्या बायका मी ऐकल्या होत्या, शेगडीचे कान उपटून नेणारी पहिल्यांदाच बघत होते.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. एका दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम मी करते, आणि तिथे गप्प बसणाऱ्याला लोक फाडून खातात. मी तरातरा जिना उतरून खाली गेले. खाली मोठ्या दिरांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. भावोजी पंक्चर काढत बसले होते. मी विचारलं, बटणं कुठे आहेत? त्यांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं, हात पुसले आणि वर आले. पिठाच्या मोठ्या डब्यामागून फडक्यात गुंडाळलेली पक्कड काढली, तिने तो लोखंडी दांडा धरून फिरवला आणि शेगडी पेटवली. आम्ही दोघांनी उभ्याउभ्याच चहा घेतला. मग त्यांनी कप धुतले, फडक्याने कोरडे करून फळीवर जसेच्या तसे लावले, पक्कड पुसून डब्यामागे ठेवली आणि वास जावा म्हणून खिडकी उघडली.

“हिच्यापाशी बोलू नकोस,” एवढंच म्हणाले.

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं कुणी बघत नाही. आमच्या घरात भावोजी, आमचे हे आणि नंतर मी, अशी तीन मांजरं कित्येक वर्षं चहा पीत होती.

सगळी हकीकत मला पुढच्या काही कपांमध्ये तुकड्यातुकड्यांनी कळली. ताई, म्हणजे माझ्या जाऊबाई, शिवण शिकत होत्या त्या वयातली गोष्ट. एका दुपारी त्या क्लासला निघाल्या. स्वयंपाकघरातून शेवटी बाहेर पडल्या त्या त्याच. आतल्या खोलीत आई झोपली होती. क्लासहून परत आल्या तर गल्ली माणसांनी भरलेली आणि घराची पुढची भिंत नाही. गॅसचा स्फोट झाला होता, आई त्यात गेली. चौकशी करणाऱ्यांनी शेवटी लिहून दिलं की कारण समजू शकलं नाही. नळी फाटली असेल, बटण अर्धवट राहिलं असेल, काहीही असेल.

“तुझी चूक झाली असं कुणी म्हटलं असतं ना,” भावोजी म्हणाले, “तर रडली असती, भांडली असती, कधीतरी थांबली असती. पण कारण समजलं नाही, याला माणूस काय करणार?”

लग्नानंतर ताई कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. बटण बंद आहे बघायच्या, पुन्हा कोपरा, पुन्हा घर. मुख्य कॉक बंद करून जा म्हटलं, तर तो बंद आहे ना हे बघायला उघडायच्या आणि मग पुन्हा बंद करायच्या. आतून कळत होतं की बंद आहे, पण कळून काही उपयोग नव्हता. एकदा गिऱ्हाईक वाट बघून बघून कंटाळलं आणि काम दुसऱ्याकडे गेलं. तेव्हा भावोजींनी तिन्ही बटणं ओढून काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. शेगडी आता तुझ्याबरोबर, म्हणाले, तू बाहेर असताना तिला पेटवणार कोण? त्या दिवशी ताई गेल्या त्या थेट काम करूनच आल्या. लोक बायकोला दागिने करतात, आमच्या भावोजींनी बटणं दिली, आणि खरं सांगते, दागिन्यांनी एखाद्या बाईचा चेहरा इतका उजळला नसेल.

ताई पडदे शिवतात. घरोघर जाऊन खिडक्या मापायच्या, कापड निवडून द्यायचं, चुण्या घालून शिवायचं आणि मग स्वतः स्टुलावर चढून दांडीत ओवायचं. हात असा की पडदा जमिनीला टेकतही नाही आणि वर उचललेलाही दिसत नाही. तोंडही तितकंच चालतं. एक गिऱ्हाईक बाई शेजारच्या घरातलं काही दिसू नये म्हणून जाड कापड मागत होती, तिला ताई म्हणाल्या, पडद्याने त्यांचं दिसायचं बंद होईल, तुमचं बघायचं कसं बंद होणार? बाई हसली आणि दोन खिडक्यांचं काम वाढलं. कुणाच्याही घरी गेल्या की ताई आधी पाणी मागायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. पाणी नको असायचं, स्वयंपाकघर बघायचं असायचं. शेगडी बंद दिसली की टेप बाहेर निघायची.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. वर्षातून कधीतरी ताई आडव्या व्हायच्या. कारण काही नसायचं. शिवणयंत्रावर झाकण, डोक्यावर पांघरूण, केस विंचरलेले नाहीत, जेवण ताटात तसंच. शेजारच्या बाई यायच्या आणि सांगायच्या, मन रमवा, चांगला विचार करा, जगात किती दुःख आहे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कुठे कमी? मी एकदा त्यांना विचारलं की तुमची दाढ दुखते तेव्हा तुम्ही चांगला विचार करता की आमच्या दवाखान्यात येता? त्यानंतर त्या यायच्या कमी झाल्या. भावोजी मात्र काही बोलायचे नाहीत. दुकानातून एखादं चाक वर आणायचे आणि ताईंच्या पलंगाशी जमिनीवर बसून आरे घट्ट करायचे. मी कामाहून आले की दवाखान्यातल्या गमती सांगायचे, कोण पहिलवान सुई बघून खुर्चीतून उठून पळाला ते. ऐकताहेत की नाही, कळायचं नाही. मग एक दिवस पांघरुणातून आवाज यायचा, “चप्पल घालून पळाला की तसाच?” आणि आम्हाला कळायचं की ताई परत यायला लागल्या.

असं आमचं चाललं होतं आणि चालत राहिलंही असतं. पण भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे ताईंची नात, लेकीची मुलगी. पाय जमिनीला लागत नाहीत म्हणून भिंगरी. लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगरीला शाळेतून थेट आमच्याकडे सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. त्या दुपारी म्हणजे ताईंचा जीव. पडद्यांच्या उरलेल्या चिंध्यांतून बाहुलीच्या घराला पडदे झाले, घरच्या मांजराच्या टोपलीलाही झाले. त्या वर्षांत ताई एकदाही आडव्या झाल्या नाहीत. पडदे लावायला जाताना भिंगरीला बरोबर न्यायच्या आणि निघण्याआधी भिंगरी पर्स उघडून बटणं मोजायची. एक, दोन, तीन, चला. आम्हाला त्याचं केवढं कौतुक.

मग एकदा टीव्ही लागेना. भावोजींनी रिमोट आपटला, हलवला. दोन्ही सेल भिंगरीच्या फ्रॉकच्या खिशात निघाले. घरातून बाहेर जाताना टीव्ही कुणी लावू नये म्हणून तिने घेतले होते. आम्ही पोट धरधरून हसलो. त्यानंतर शाळेच्या बाईंनी लेकीला बोलावून घेतलं. मधल्या सुट्टीत भिंगरी मैदानावर जात नव्हती. वर्गातल्या पंख्याच्या बटणाजवळ उभी राहायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, सगळे गेले आणि काही झालं तर?

लेक एका संध्याकाळी आली आणि चपलाही न काढता दारातच उभी राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलत होती.

“आई, मी लहान असताना शाळेत बसून मला रोज वाटायचं की आपलं घर जळतंय. तुला कधी सांगितलं नाही. हिचं तसं नाही होऊ देणार मी. सोमवारपासून हिला पाळणाघरात घालतेय.”

ताईंनी मान हलवली. लेक भिंगरीला घेऊन गेली. ताईंनी शिवणयंत्रावर झाकण घातलं आणि त्या आडव्या झाल्या.

आम्ही आपापली कामं सुरू केली, भावोजींनी चाक, मी गमती. पण या वेळी पांघरुणातून काहीच येईना. मला त्या दिवसांत ताईंचा राग यायचा, लेकीचा यायचा, त्या जुन्या चौकशीवाल्यांचा तर फारच यायचा, आणि तो सगळा दवाखान्यातल्या पेशंटांवर निघायचा. अशाच एका सकाळी मी मान खाली घालून पुढचा कोण म्हणून ओरडले आणि बघते तर टेबलापुढे ताई. केस कसेबसे बांधलेले, पर्स छातीशी धरलेली, एकट्या आलेल्या.

“तुझ्याकडे डोक्याच्या डॉक्टरचा नंबर लागतो का गं?” त्यांनी विचारलं.

याआधी त्या एकदा गेल्या होत्या, गोळ्या घेतल्या, बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंद केल्या. या वेळी डॉक्टरीणबाई नव्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण ऐकायची पद्धत चांगली. त्यांनी घरच्यांनाही आत बोलावलं. ताई मधे, मी आणि भावोजी दोन बाजूंना. ताईंनी पर्स उघडून बटणं टेबलावर ठेवली. बाईंनी ती हातात घेऊन बघितली, हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही द्यायची कल्पना ज्यांची, त्यांची माया मोठी. पण भीतीला रोज खाऊ दिला की ती घर सोडून जात नाही. मग त्यांनी भावोजींना सहज विचारलं, या बाहेर असताना तुम्ही चहा कसा करता?

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“थांबतो की,” भावोजी म्हणाले. “ही आल्यावरच घेतो.”

“पक्कडीने करतात,” ताई म्हणाल्या.

भावोजींचे कान लाल झाले. ताई आमच्याकडे न बघता डॉक्टरीणबाईंना सांगत होत्या की पिठाच्या डब्यामागे असते, मला पहिल्यापासून माहीत आहे. आमच्या घरात धुतलेला कप कधी कुणी पुसून ठेवतं का? मी एकटी पुसते. मी बाहेर जाऊन आले की सगळे कप कोरडे आणि खिडकी सताड उघडी. वर आणि सगळे माझी वाट बघत बसल्यासारखे.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” बाईंनी विचारलं.

“बोलले असते तर यांनी चहा सोडला असता. माझ्यापायी किती गोष्टी सोडल्यात यांनी.”

“आणि बाहेर असताना, घरी शेगडी पेटलेली असेल हे माहीत असून, तुम्ही काय करत होता?”

ताईंनी टेबलावरचं एक बटण हातात घेतलं. “घरी फोन करायचे. दूध आणू का, भाजी कुठली आणू, काहीही विचारायचे. हिने उचलला की कळायचं, घर आहे.”

मला इतक्या वर्षांतले ते सगळे फोन आठवले. कांदे आहेत का गं. साबण संपला का गं. मी किती वेळा करवादले होते, की ताई, घरात कांद्यांची रास पडली आहे, तुम्ही काम करा. त्या “बरं” म्हणून फोन ठेवायच्या. मला तिथे त्या खुर्चीत रडू आलं आणि मी रडले. रडायचं नव्हतं, पण माझ्या हातात नव्हतं.

डॉक्टरीणबाई मात्र एकदम पुढे सरकून बसल्या. त्यांनी ताईंना जे सांगितलं ते मला पाठ आहे.

“म्हणजे इतकी वर्षं तुमच्या घरी शेगडी पेटत होती, तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही बाहेर राहून पडदे लावत होता. सगळ्यांत अवघड काम तुम्ही आधीच करताय. फक्त आता ते उघड करायचं.”

सांगायला सोपं. आमच्या नाकी नऊ आले. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी ताईंच्या तोंडाला कोरड पडायची आणि सकाळी उठवत नसे. बटण एकेक घरी ठेवायचं ठरलं, आणि बाहेरून फोन करायचा नाही. पहिलं बटण शेगडीवर ठेवून ताई निघाल्या त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. मी वरून बघत होते. खाली धावत जाऊन त्यांच्या हातात बटण द्यावं असं मला इतकं वाटलं की मी स्वयंपाकघराची कडी धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्या उठल्या आणि रस्त्याला लागल्या. परत आल्या तेव्हा चेहरा पांढरा, पण काम करून आल्या होत्या. पुढे दोन बटणं घरी राहिली. मग एका आठवड्यात कुठेशी आग लागल्याची बातमी पेपरात आली आणि तिन्ही पर्समध्ये परत गेली. मला वाटलं मुसळ केरात. डॉक्टरीणबाईंना त्याचं काही वाटलं नाही. पुन्हा एकापासून, म्हणाल्या.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नातीसमोर भीती लपवू नका. मुलांना लपवलेलं आधी दिसतं. भीती वाटतेय हेही तिला दिसू दे आणि तरी तुम्ही निघालात हेही दिसू दे.

लेकीला पटवायचं काम माझ्याकडे आलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एक शनिवार दिला. एकच.

त्या शनिवारी एका घरी पडदे लावायचे होते. भिंगरी आली ती नेहमीसारखी पर्सपाशी गेली, आत हात घातला, टेप निघाली, सुया निघाल्या, खडू निघाला. तिने पर्स उलटी करून बघितली.

“आजी, बटणं राहिली.”

“शेगडीवर आहेत,” ताई म्हणाल्या.

“मग भीती नाही वाटत?”

ताईंनी तिचा हात घेऊन आपल्या छातीवर ठेवला. “बघ किती धडधडतंय. वाटते ना. खूप वाटते. पण त्या बाईंच्या खिडक्या उघड्या पडल्यात, तर आपण जाऊ.”

भिंगरीने जरा वेळ हात तसाच ठेवला. मग पर्स भरली, आणि दोघी गेल्या.

त्यानंतर घरात मी आणि भावोजी. शेगडीवर तीन बटणं, पक्कडीची गरज नाही, खिडकी उघडायला नको, काही लपवायला नको. आणि आमच्याने चहा होईना. मी फोनजवळ जाऊन बसले. वाजू नये असंही वाटत होतं आणि वाजावा असंही. भावोजी दुकान सोडून तीनदा जिना चढले. आम्हा दोघांचे जीव टांगणीला लागले होते, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की ताई रोज कुठल्या जागी उभ्या असतात. फोन वाजला नाही.

त्या आल्या तेव्हा लेकही मागोमाग आली, भिंगरीला न्यायला. ताई आधी स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरचे कप बघितले, शेगडीला हात लावला, ती गार होती.

“चहा नाही केलात?”

“तुझी वाट बघत होतो,” भावोजी म्हणाले. हे वाक्य ते इतकी वर्षं बोलत होते, पण खरं त्या दिवशी होतं.

ताईंनी शेगडी पेटवली. भिंगरी आईला सांगत होती की आजी स्टुलावर चढली तेव्हा तिचे हात हलत होते, आजी सारखी फोनकडे बघत होती, आजीने पाणी मागितलंच नाही, आणि पडदा एकदम सरळ लागला. लेक चपला काढून आत आली. आईच्या शेजारी उभी राहिली, आधण उकळेपर्यंत तिथेच.

मग म्हणाली, “सोमवारी हिला इथेच सोडू?”

“सोड,” ताई म्हणाल्या. “पण मला भीती वाटेल हं.”

“मलाही वाटेल,” लेक म्हणाली, आणि कप काढायला लागली.

याला बरीच वर्षं झाली. भिंगरी आता सायकलवर येते आणि आजीच्या ताब्यात न राहता आजीलाच ताब्यात ठेवते. ताई गोळ्या घेतात, मनाने बंद करत नाहीत. मधूनमधून आडव्याही होतात, पण आता आधी सांगून होतात. पक्कड डब्यामागून निघून भिंतीवरच्या खिळ्याला आली आहे.

परवा मी कामाहून आले तर ताई बाहेर गेलेल्या आणि शेगडीवर दोनच बटणं. एक त्यांनी बरोबर नेलं होतं. तसा दिवस असेल. मी खिळ्यावरची पक्कड घेतली, मुद्दाम बटण नसलेल्याच दांड्याला लावली आणि चहा केला. मग कप धुतला आणि ओला तसाच, त्यांना दिसेल असा, ओट्यावर पालथा ठेवला.